इसाक पारखी आणि चौकोनी रुपया

निजामाच्या राज्यात मोमिनाबादेला, म्हणजे आपल्या अंबाजोगाईला, इसाक नावाचा एक नाणेपारखी राहत असे. दर आठवड्याला तो घाटनांदूरच्या बाजारात येऊन लिंबाच्या झाडाखाली सतरंजी अंथरी. सतरंजीवर मांडायला त्याच्याकडे फार काही नव्हते. एक भिंग, एक काळा गुळगुळीत दगड, लाखेची कांडी आणि नाव कोरलेली अंगठी. आवाज मात्र साऱ्या बाजाराला पुरून उरेल एवढा. भाजीवाल्या बायका म्हणत, हा बाबा भाजी विकायला बसला असता तर आमची एक जुडी खपली नसती.

निजामाचा चालू हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार यांच्या वाटेला इसाक जात नसे. "चालू पैशाला सराफ बसलेत की," तो म्हणे, "मला जुनं दाखवा. मेलेल्या बादशहाचं." आणि जुने नाणे या मुलखात कुठून निघेल याचा नेम नव्हता. कधी ते नांगराच्या फाळाला लागे, कधी पडक्या भिंतीतून गळे, कधी देव्हाऱ्यात हळदीकुंकवाखाली पिढ्यानपिढ्या बसलेले असे. लोक ते उचलून सोनाराकडे नेत. सोनार चांदीच्या भावाने घेई आणि मुशीत टाकी. बादशहाचे पोरीच्या पायातले वाळे होत. हे नुसते ऐकले तरी इसाक दोन्ही कानांवर हात ठेवी.

कारण हैदराबादेत जुन्या नाण्यांचे शौकीन होते, आणि ते एकेका नाण्याला चांदीच्या कितीतरी पट मोजत. पण शौकीन माणूस म्हणजे दुधाने तोंड पोळलेला. हुबेहूब जुनी दिसणारी नाणी ओतून विकणारे ठग गल्लोगल्ली होते. म्हणून या मंडळींची एकच अट असे, नाण्यावर इसाकची लाख हवी. इसाक नाणे पारखून तांबड्या चिंधीत बांधी, गाठीवर लाख ओती आणि तिच्यावर अंगठी दाबी. ती लाख शाबूत असली की हैदराबादेत कुणी पुन्हा भिंग काढत नसे.

नुसते खरे-खोटे सांगून तो थांबत नसे. नाण्याची तब्येतही सांगे, आणि त्याचे दर्जे त्याने स्वतःच ठरवलेले होते. टाकसाळीतून आले तसेच राहिलेले, अक्षर न् अक्षर टवटवीत, ती नवरी. हाताळून थोडे झिजलेले, पण नाकीडोळी नीटस, ती लेकुरवाळी. अक्षरे अंदाजाने वाचावी लागतील ती म्हातारी. नवरीच्या चिंधीला हिरवा दोरा, लेकुरवाळीला पिवळा, म्हातारीला पांढरा. आणि खोट्या नाण्याला तो म्हणे सोंग. सोंगाला दोरा नाही, चिंधी नाही, फक्त इसाकचे हसू.

एकदा भिवराबाई नावाची एक बाई गाडग्यात सापडलेली नाणी ओच्यात घालून आली. नाणी अशी लखलखत होती की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. बाई कौतुकाने म्हणाली, "राखेनं घासली, चिंचेनं घासली, भाऊ. तुमच्यासाठी लख्ख करून आणली."

इसाकने कपाळावर हात मारला. "बाई, नवरीचं नाक-डोळे घासून काढले आणि मला म्हणतीस पोरगी बघा! ही समदी म्हाताऱ्या करून टाकलीस की!"

त्यातले एक नाणे घासायच्या वेळी जात्याखाली घरंगळले होते म्हणून वाचले. काळेकुट्ट, मातीचा वास येणारे. भिवराबाईला ते दाखवायची लाज वाटत होती. इसाकने ते उन्हात तिरपे धरले आणि उडालाच. नवरी! हिरवा दोरा बांधला. त्या एका काळ्या नाण्यावर भिवराबाईच्या दारात दुभती म्हैस आली, आणि बाकीची चकचकीत मंडळी सोनाराकडे वजनावर गेली. तेव्हापासून ही बाई बाजाराला आली की आधी इसाकच्या सतरंजीशी उभी राहायची आणि कुणी घासलेले नाणे काढले की इसाकच्या आधी तीच त्याच्या अंगावर ओरडायची.

सतरंजीच्या दुसऱ्या बाजूला आश्रुबा बसे. घाटनांदूरचाच. अंबाडीचे दोर वळून विकणारा. इसाक जितका बोलका तितका आश्रुबा मुका. स्वभावाने अगदी गोगलगाय. पाटलाचे कुत्रे समोरून आले तरी तो कडेला होऊन त्याला वाट देई. गिऱ्हाइकाने भाव विचारला तर घाम पुसत पुसत कमीच सांगे. मग इसाक शेजारून ओरडे, "अहो, तो भितोय म्हून कमी सांगतोय, तुमी नीट द्या!" आणि गिऱ्हाईक हसत हसत वाजवी दाम देई. दुपारी दोघे आपापली भाकरी सोडत, चटणी मात्र एकच असे. इसाकला त्याच्यावाचून बाजार गोड लागत नसे. हे त्याने आश्रुबाला कधी सांगितले नाही, बायकोला मात्र बऱ्याचदा सांगितले.

आणि नेमके याच आश्रुबावर बालंट आले.

घाटनांदूरचे पाटील बबनराव. माणूस वाईट नव्हे, पण आपल्या घरच्या प्रत्येक वस्तूचा अभिमान भारी. त्यांच्या देव्हाऱ्यात आजोबांच्या वेळेपासून एक चौकोनी रुपया होता, कुठल्याशा मोगल बादशहाचा. गाव त्याला न्यायाचा रुपया म्हणे. चोरी झाली की तो रुपया चिंच लावून धुवायचा, त्याच्या भाराने तांदूळ तोलायचे आणि ज्याच्या ज्याच्यावर संशय त्याला एकेक भार चावायला द्यायचा. खरा माणूस तांदूळ चावून पीठ ओले करून थुंकतो, चोराच्या तोंडाला मात्र त्या तांदळापुढे पाणी सुटत नाही, त्याचे पीठ कोरडे पडते. असा विश्वास. फक्त रुपया अस्सल हवा. खोट्या रुपयापुढे चोर भीत नाही म्हणतात.

मारुतीच्या देवळातली पितळी समई नाहीशी झाली. देवळात त्या दिवशी गेलेल्या सगळ्यांना चावडीवर बसवून तांदूळ दिले. आश्रुबा मारुतीला नवा दोर वाहायला गेला होता, म्हणून तोही त्यांत होता. सगळ्यांनी ओले पीठ थुंकले. आश्रुबाच्या तोंडातून भुसा उडाला. संपले. त्या दिवसापासून गावाने त्याच्याकडून दोर घेणे बंद केले, विहिरीवर त्याची बायको मनकर्णा आली की बाया आपापल्या कळशा जवळ ओढू लागल्या.

मनकर्णा नवऱ्यासारखी नव्हती. तिने भर बाजारात पाटलांना गाठले.

"माझा मालक चोर न्हाई! तुमचा रुपयाच सोंग असंल!"

साऱ्या बाजाराने माना वळवल्या. आपलेच नाणे खोटे तर दुसऱ्याला काय बोल लावायचा, ही म्हण पाटलांना येत होती, पण ती आपल्या देव्हाऱ्याला लागू होईल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हते. ते लिंबाखाली आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "इसाक, येत्या बाजारी चावडीवर ये. चार माणसांपुढं रुपया पारख. तू सोंग म्हणलास तर माझा न्याय बी खोटा. आन् अस्सल म्हणलास, तर आश्रुबानं गाव सोडायचं. हाय कबूल?"

"हाय!" मनकर्णा म्हणाली. आश्रुबाला कुणी विचारलेच नाही.

पाटील गेल्यावर ती सतरंजीपाशी खाली बसली. "इसाकभाई, तुमी समदं जाणता. ह्येंनी मुंगी बी मारली न्हाई कदी. तुमी एवढंच म्हणा, सोंग हाय. तुमच्या शब्दाफुडं कुणी जात न्हाई."

इसाकने भिंग पुसले, पुन्हा पुसले आणि बाजार उठायच्या आधीच सतरंजी गुंडाळली.

घरी बायकोने, आमिनाबीने, सारे ऐकून घेतले. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "एक बार झूट बोल दिये तो क्या आसमान गिरता?"

"आसमान नै गिरता. मेरी लाख गिरती."

आणि हे काही नुसते अहंकाराचे बोलणे नव्हते. अहंकार होताच, इसाकने तो कधी लपवला नाही. पण इसाक दोस्तासाठी एकदा खोटे बोलला असे कळले तर हैदराबादेचा शौकीन उद्या विचारील, मग याआधी किती वेळा बोलला असेल? ज्या ज्या घरात त्याची लाख जपून ठेवलेली होती, कुणी मुलीच्या लग्नासाठी, कुणी अडीअडचणीसाठी, तिथली नाणी एका दिवसात नुसती चांदी होऊन बसली असती. इसाकचा शब्द आता एकट्या इसाकचा राहिलेला नव्हता. तो अर्ध्या तालुक्याच्या फडताळांत ठेवलेला होता.

"और आश्रुबा?" आमिनाबीने विचारले.

इसाकने ताट बाजूला सारले.

एक आशा होती. देव्हाऱ्यात पुजायला म्हणून असले चौकोनी रुपये ठगांनी ढिगाने ओतलेले होते, बहुतेक सोंगेच निघत. पाटलांनी आपला रुपया त्याला कधी दाखवला नव्हता. या अल्ला, सोंग निघू दे, असे म्हणत इसाक बाजाराची वाट चालला. उभ्या जन्मात त्याने खोट्या नाण्यासाठी दुवा मागितली ती तेवढीच.

चावडीवर अख्खे गाव लोटले होते. पाटलांची चुलती कडूबाई काठी घेऊन पुढेच बसली होती, तिला न ऐकू येणारे काही गावात होत नसे. आश्रुबा खांबाशी अंग चोरून उभा. मनकर्णाची नजर इसाकच्या बोटांवर.

पाटलांनी रुपया ठेवला. इसाकने भिंग लावले आणि आधी ओतीव नाण्याची खूण शोधली. साच्यात ओतलेल्या नाण्याच्या तोंडावर देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे असतात. एकही नव्हता. मग कड पाहिली, साच्याचे दोन भाग जुळल्याची रेघ कुठे आहे का. नव्हती. काळ्या दगडावर टाकून नाद ऐकला. नाद असा निघाला की एरवी त्याने पुन्हा पुन्हा टाकून ऐकला असता. अक्षरे चिंचेने थोडी मऊ झाली होती, पण वळणे शाबूत, टाकसाळीतल्या हातोड्याचा ठोका नीट बसलेला. काय सुंदर नाणे होते! एकीकडे त्याला ते हातातून सोडवेना आणि दुसरीकडे वाटले, हे विहिरीत पडले असते तर बरे झाले असते.

त्याने पुन्हा सगळे तपासले. लोक कंटाळून खोकू लागले.

"बोल की," पाटील म्हणाले.

इसाकने वर पाहिले. शेकडो डोळे. एक शब्द बोलला की आश्रुबा गावाबाहेर, दुसरा बोलला की त्याची स्वतःची सारी हयात बाहेर. इकडे आड, तिकडे विहीर. त्याने तोंड उघडले, पण जीभ टाळूला चिकटली होती. ओठ हलले, आवाज आला नाही. कसाबसा शब्द निघाला तोही खरखरीत.

"अस्सल हाय."

मनकर्णा मटकन खाली बसली. पाटलांचा हात मिशीकडे गेला. आश्रुबाने फक्त मान खाली घातली, जणू त्याला हे आधीच ठाऊक होते. इसाक रडायच्या बेतात होता.

"पाणी द्या रे इसाकला," कुणीतरी म्हणाले, "घसा सुकलाय त्याचा."

पाण्याचा तांब्या पुढे आला. इसाकने हात केला आणि तसाच थांबला. त्याने जीभ तोंडात फिरवून पाहिली. सगळीकडे वाळवंट. तो तांब्याकडे बघत राहिला आणि हळूहळू त्याच्या तोंडावर सोंग पकडल्यावरचे ते हसू परत आले.

"पाणी नगं," तो म्हणाला. "आदी तांदूळ आणा. पाटील, तराजू बी आणा."

"कावून?"

"रुपया अस्सल हाय ना? मंग तोला त्याच्या भारानं. मला द्या."

गावाला काही उमजेना, पण तमाशा कुणाला नको असतो? तांदूळ तोलले. इसाकने ते तोंडात टाकले आणि सगळ्यांसमोर जोर लावून चावू लागला. चावला, चावला, गाल दुखेपर्यंत चावला आणि हातावर थुंकला. जात्यातून पडावे तसे पांढरे कोरडे पीठ. फुंकर मारली तर ते उडाले.

"रुपया अस्सल, तांदूळ अस्सल," इसाक म्हणाला, "आन् पीठ कोरडं. बोला पाटील, समई म्या नेली? ज्या दिवशी ती गेली त्या दिवशी मी मोमिनाबादेत घरी हुतो. मोमिनाबादेतून हात लांब करून नेली का?"

कुजबुज उठली. पाटील म्हणाले, "तू पाव्हणा. पाव्हण्याला हा न्याय लागू न्हाई."

तेवढ्यात कडूबाईची काठी आपटली. "बबन्या, तू तर पाव्हणा न्हाईस ना? तू खा."

"काकू, मी कशाला..."

"खा म्हणते ना! का भितूस?"

पाटलाला गावात 'बबन्या' म्हणू शकणारे हे एकच तोंड होते, आणि त्याला उलटे बोलायची पाटलांची छाती नव्हती. त्यांनी तांदूळ तोंडात टाकले. सगळे गाव त्यांच्या दाढांकडे बघू लागले. पाटलांचे कान तांबडे झाले. माणूस घरात बसून तांदूळ चावतो ते वेगळे आणि शेकडो लोक जबड्याकडे टक लावून बसल्यावर चावतो ते वेगळे. त्यांनी या गालातून त्या गालात केले, डोळे मिटले, जोर केला, आणि शेवटी ठसका लागला. मिशा पांढऱ्या झाल्या.

"समई कुठं ठिवलीस रं?" कडूबाईने विचारले.

आधी एक जण फिसकन हसला, मग दुसरा, मग चावडीच हसत सुटली. पाटील रागावणार होते, पण रागवायला तोंड उघडले की पीठ उडे. शेवटी त्यांनाही हसू आवरेना. भिवराबाई हसून हसून शेजारणीच्या गळ्यात पडली.

हसू ओसरल्यावर इसाक पाणी प्याला आणि मग त्याचा नेहमीचा आवाज परत आला. "पाटील, तुमचा रुपया खरा हाय. लेकुरवाळी. पिवळा दोरा बांधून देतो, आन् फुडं चिंच लावाल तर भिवराबाई तुमच्या दारात येऊन बसंल. पर मी सांगतो ते नाण्याचं सांगतो. माणसाचं सांगायला ह्या बिचाऱ्या नाण्याला भिंग हाय का? जो भितो त्याचं तोंड सुकतं. आश्रुबा तुमच्या कुत्र्याला भितो. तुमच्यापुढं बसवला तर त्याच्या तोंडाला पाणी कुठनं सुटावं? आज मी भ्यालो, माझं बी सुकलं."

पाटलांनी रुपयाकडे पाहिले, मग खांबाशी उभ्या आश्रुबाकडे. या माणसाचे त्यांनी काय केले होते हे त्यांना आता दिसले असावे, कारण त्यांचा चेहरा उतरला. मिशीवरचे पीठ पुसायचेही राहिले.

"आश्रुबा," ते म्हणाले, "उद्या बैलांसाठी दोर घिऊन वाड्यावर ये. जितके वळलेस तितके."

आश्रुबाने मान हलवली. बोलणे त्याला आजही जमले नाही. लोक उठू लागले, झाले गेले मिटले असे समजून कुणी पायताण शोधू लागले. तेव्हा मनकर्णा उभी राहिली.

"दोर येतील. पर आमाला चोर म्हणलात ते समद्या गावाफुडं म्हणलात. तसंच उलटं बी म्हणा."

सगळे जागच्या जागी थांबले. पाटलांनी फेटा सारखा केला, खाली पाहिले आणि म्हणाले, "आश्रुबा चोर न्हाई."

आश्रुबाच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मनकर्णाने पदर तोंडाला लावला, पण रडणे तिने नंतरसाठी ठेवले.

"मोठ्यानं म्हणा," ती म्हणाली. "मागल्यांना ऐकू गेलं न्हाई."

आणि बबनराव पाटलांनी ते पुन्हा म्हटले, पार वेशीपर्यंत ऐकू जाईल असे.